धवल्याच्या नादाला

योगिनी भोईर धवल्याच्या नादाला लागली आहे, ही बातमी मला तिच्या सख्ख्या आईने फोनवर दिली. तीही अशा आवाजात, जसं काही पोरगी सुट्टीत शिवणक्लासला जाते आहे.

मी कल्याणच्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. मंदाकिनी मॅडम म्हटलं की मुलं जिन्यात बाजूला होतात आणि मला ते आवडतं. मला राग लवकर येतो आणि तो तोंडावाटे बाहेर पडतो, पोटात राहत नाही. आमचे हे, म्हणजे आनंद, म्हणतात की तुझा रक्तदाब कधी वाढणार नाही, आजूबाजूच्यांचाच वाढेल.

मे महिन्याशी माझं जुनं वैर आहे. एप्रिलात परीक्षा देऊन हसत गेलेल्या चांगल्या, डोकेबाज मुलींपैकी एखाददुसरी जूनमध्ये येतच नाही. आलीच तर हिरवा चुडा भरून, पेढ्यांचा पुडा घेऊन येते आणि म्हणते, मॅडम, दाखला हवा होता. मी पेढा घेते आणि दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही. म्हणून शेवटच्या तासाला मी दरवर्षी एक भाषण ठोकते. सुट्टी म्हणजे लोळणं नव्हे. इंटर्नशिप करा, नवीन काही शिका, जमेल तिथे हात-पाय मारा, पण सुट्टी सत्कारणी लावा. मुलं माना डोलावतात आणि खालून मोबाइल बघतात.

यंदा भाषण संपल्यावर योगिनी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, सत्कारणी म्हणजे कोणाच्या कारणी?"

मला वाटलं, पोरगी फिरकी घेते आहे. पण ती फिरकी घेणाऱ्यांतली नव्हे. मी म्हटलं, "स्वतःच्या. अजून कोणाच्या?" ती मान हलवून गेली. तेव्हाच मला काहीतरी वास यायला हवा होता.

ही मुलगी कोपरची, तिथल्या जुन्या आगरी वस्तीतली. वडिलांची शेती गेली, जागेवर इमारत आली, खाली सिमेंट-पत्र्यांचं दुकान आलं. घरात खाऊनपिऊन सुख, पण पदवीपुढे शिकणारी ही पहिलीच. वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिच्या वहीत उत्तर तयार असायचं, पण हात कधी वर करायची नाही. डबा सगळ्यांसोबत खायची नाही. डब्यात सुकट असते, तिच्या वासाने मुली नाक मुरडतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि बोलायची तर इतकी जपून की 'पाणी'मधला ण आणि 'शाळा'मधला ळ जिभेवर आधी नीट मांडून मगच बाहेर काढायची. कधी दचकली तर 'नाय' असं निसटायचं आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. सेमिनारला उभी राहिली तर पहिल्या बाकावरच्यांनाही ऐकू जात नसे. एकदा मी भर वर्गात विचारलं होतं, "आवाज घरी ठेवून आलीस का?" ती म्हणाली, "हो मॅडम," आणि वर्ग हसला.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेचं उन्हाळी शिबिर असतं. देशभरातून मोजकी मुलं घेतात आणि तिथे ज्याचं काम आवडतं त्याला पुढे पीएचडीचं दार जवळजवळ उघडंच असतं. आमच्या कॉलेजातून आजवर कोणी गेलं नव्हतं. योगिनीची निवड झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये स्वतः वडे मागवले. आणि मेच्या मध्यावर हिचा निरोप आला: मॅडम, मला जायला जमणार नाही. सुट्टीत दुसरं काम आहे. सॉरी.

मी सुन्न झाले. फोन लावला तर बंद. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशीही बंद. संस्थेतल्या बाईंच्या हातापाया पडून मी सोमवारपर्यंत जागा राखून ठेवायला सांगितली आणि कॉलेजच्या कागदपत्रांतून योगिनीच्या घरचा नंबर काढला.

फोन तिच्या आईने घेतला. शकूबाई. आवाज मोकळा, माणूस लाघवी.

"योगी ना? ती कुठं घरात ऱ्हाते आता, मॅडम. धवल्याच्या नादाला लागलीय पोरगी. उठता-बसता त्याचाच घोष."

मी खुर्चीत बसले. धवल्या. धवल नावाचा कुणीतरी आणि घरचे त्याला 'धवल्या' म्हणतात, म्हणजे चांगली घसट आहे.

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलायचं? आमच्या घरातच आलेला हाय तो पयल्यापासून. सासूचा तर सगला जीव त्याच्यावर. मना कधी त्याच्या वाऱ्याला उभी केली नाय तिनं."

मी म्हटलं, "तिचे वडील काय म्हणतात?"

"त्यांना तर जास्त हौस. तेच घेऊन जातात गाडीनं. काल टिटवाल्याला होते, सकाली आले सगले."

"रात्रभर?"

"मग? धवला म्हनजे रातभर चालतोच ना मॅडम."

मी फोन ठेवला. कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं होतं. पळून जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, बांधून बोहल्यावर चढवलेल्याही पाहिल्या आहेत. पण बाप स्वतः गाडी चालवून मुलीला टिटवाळ्याला नेऊन सोडतो आणि आई कौतुकाने फोनवर सांगते, हे माझ्या सगळ्या नोकरीत नवीन होतं.

आनंदना सांगितलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सज्ञान आहे ती. तू पडू नकोस मध्ये."

मी मध्ये पडायचं ठरवलं. रात्रभर मी त्या धवल्याशी मनात भांडत होते. तो मला स्पष्ट दिसत होता. केसांना पुढे तांबडा रंग, मनगटात जाड कडं, बुलेटचा आवाज मुद्दाम वाढवलेला. त्याला काय बोलायचं ते मी तयार केलं. तुझं खरंच प्रेम असेल तर तू तिला बंगळूरला जाऊ देशील, असं एक वाक्य मला फार आवडलं होतं.

शनिवारी दुपारी मी डोंबिवली पूर्वेहून पूल ओलांडून रिक्षाने कोपरला गेले. ऊन नुसतं भाजत होतं. इमारतीवर मोठ्या अक्षरांत 'चांगुणा निवास' असं लिहिलेलं, खाली दुकान, दुकानात पांढऱ्या शर्टातला आडवा-दांडगा माणूस. तो योगिनीचा बाप, जगन भोईर. मी नाव सांगताच त्याने खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे फिरवला आणि थंड कोकम मागवलं. रागावायला आलेल्या माणसाची अशी सरबराई केली की निम्मा राग वाया जातो.

"मी धवल्यासाठी आलेय," मी थेट सांगितलं.

जगनभाऊंचा चेहरा फुलला. "तुमी? धवल्यासाठी? इतक्या शिकलेल्या बाईला त्याची कदर हाय, बरं वाटलं. नायतर आता त्याला कोन इचारतो मॅडम. डीजे आला नि त्याचं दिवस फिरलं. आमची योगी हाय म्हनून टिकलाय."

म्हणजे बेकार होता. डीजेने पोट मारलेला कुणी बँजोवाला असावा आणि माझ्या विद्यार्थिनीच्या जिवावर टिकला होता.

"म्हणजे बारा महिने काम नाही त्याला?"

"नाय ना. उन्हाल्यात लगीनसराई, तवर. मंग पावसाल्यात बंदच. तुलशीचं लगीन झाल्यावर पुन्हा."

"आणि मग खायचं काय त्यावर?"

"त्याच्यावर कोन खातो?" ते हसले. "मान असतो फकस्त. नारल भेटतो, लुगडं भेटतं. योगीला या सीझनला लय लुगडी झाली."

लुगडी देऊन झाली होती आणि बाप ती सांगत होता. मी कोकमचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "जगनभाऊ, तुमची मुलगी किती हुशार आहे याची तुम्हाला कल्पना आहे का? सोमवारी तिने बंगळूरला पोचायला हवं. तिथून तिचं आयुष्य बदलेल. ते सोडून ती असल्या... मला त्याला भेटायचंय. आत्ता."

ते गोंधळले. बंगळूर म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली. या शिबिराबद्दल घरात कोणाला काही सांगितलेलंच नव्हतं, हे मला तिथे कळलं. पण माणूस शांत. म्हणाले, "चला. बाजूच्या आलीतच हाय. आज शेजारच्या मेघनाची हलद दलायची हाय. योगी तिथंच बसलीय."

गल्लीत मांडव होता. तोंडाशी डीजेच्या काळ्या पेट्या रचून ठेवलेल्या, त्यांच्या वायरी जोडणं चाललेलं. आत आंब्याचे टहाळे, ओल्या हळदीचा वास आणि नऊवारी लुगड्यांतल्या बायकांचा गराडा. मधोमध जातं. जात्यापाशी, केसांत अबोलीचा गजरा, काठापदराचं लुगडं, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, अशी योगिनी बसली होती.

माझ्या डोक्यात एकच विचार आला, की उशीर झाला. मेघना-बिघना सगळं खोटं, ही हिचीच हळद आहे.

आणि मग मी ते केलं, जे आठवलं की मला अजून डोंबिवली सोडून जावंसं वाटतं. भर मांडवात, वर्गात लावते तो आवाज लावून मी ओरडले, "योगिनी, कुठाय तो धवल्या? उभा कर त्याला माझ्यासमोर."

वायरी जोडणारी मुलं थांबली. योगिनीचे डोळे बशीएवढे झाले. "मॅडम?" मग तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या आणि ती फार हळू म्हणाली, "मॅडम, धवला म्हणजे गाणं."

"काय?"

"लग्नातलं गाणं. धवला गाऊन लग्न लागतं आमच्यात. गाते ती धवलारीण. माझी आजी धवलारीण आहे."

मागून एका बाईला हसू आवरेना. मग दुसरीला, आणि मग सगळा मांडवच हसायला लागला. जगनभाऊ डोक्याला हात लावून, "मॅडमना वाटलं पोरगा हाय," असं प्रत्येकीला समजावून सांगत होते, जसं कोणाला कळायचं राहिलं होतं. शकूबाई पदर तोंडात कोंबून माझ्यापाशी आल्या आणि मला हाताला धरून चटईवर बसवलं. एवढी वर्षं डोंबिवलीत काढली, तिथून जेमतेम पुलापलीकडे लग्नं कशी लागतात ते मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेखाली सुटकेचा श्वासही होता. बुलेटवाला नव्हता.

सुटका पाणी पिऊन होईपर्यंत टिकली. राग परत आला, कारण सोमवार तसाच होता.

"ये इकडे," मी योगिनीला मांडवाच्या कडेला घेतलं. "गाणं शिकतेस, चांगलंच आहे. रेकॉर्ड कर. फोन कशाला आहे? सहा आठवड्यांनी परत आलीस की शीक."

"रेकॉर्ड केलंय मॅडम. बरंचसं आहे फोनमध्ये."

"मग अडतंय कुठे?"

तिने जात्याकडे पाहिलं. जात्याला टेकून एक म्हातारी बसली होती. अंग वाळलेलं, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, डोळे आमच्यावरून आरपार गेलेले. एवढा हशा झाला, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"आजीला दिवाळीत झटका आला," योगिनी म्हणाली. "तेव्हापासून ती बोलत नाही. भूक लागली, दुखतंय, काहीच नाही. बाबांना नावाने हाक मारत नाही, मलाही नाही. नावं सगळी गेली तिची. आम्हाला वाटलं, संपलं. मग मार्चमध्ये एका हळदीला मानाची म्हणून नुसती नेऊन बसवली. मी सहज एक ओळ धरली आणि मॅडम, तिने पुढची उचलली."

मी म्हातारीकडे पाहिलं.

"फक्त मांडवात. घरी मी खूपदा गाऊन बघितलं, ती तोंड फिरवते. लग्नाशिवाय धवला तोंडात घ्यायचा नाही, ही तिचीच शिस्त. आणि एकटी गात नाही ती. समोरून कोणी ओळ दिली तरच पुढची देते. फोन लावून बघितला, तर फोनकडे बघत बसली." तिने पिवळे हात लुगड्याला पुसले. "चातुर्मास लागला की लग्नं बंद. तोवरच आहे तिचा आवाज. मी गेले तर ओळ कोण देणार?"

"आई?"

"आईला नाही येत. लग्न होऊन आली तेव्हा एकदा गायला बसली, तर आजी चार बायकांत म्हणाली, तुझा गळा चिरका आहे, गप ऱ्हा. तेव्हापासून आई मांडवात तोंड उघडत नाही."

मला शकूबाईंचं फोनवरचं वाक्य आठवलं, त्याच्या वाऱ्याला उभी केली नाही, ते. मी त्याचा काय अर्थ लावला होता ते आठवून मी मान खाली घातली.

"तुम्ही म्हणाला होतात ना, सुट्टी सत्कारणी लावा," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं पडलं असतं, मी चार शब्द सुनावले असते.

तेवढ्यात बायकांनी हाक मारली. हळद दळायची वेळ झाली होती. योगिनी जाऊन आजीसमोर बसली, मांडीला मांडी लावून. नवरीमुलगी मेघना पाटावर बसली. तिची आई सुपात हळकुंडांचे तुकडे घेऊन उभी राहिली. शकूबाईंनी जात्याचा खुंटा धरला.

आणि योगिनीने तोंड उघडलं.

मी दचकले. हा आवाज मी अख्ख्या वर्षात ऐकला नव्हता. माइक नव्हता, काही नव्हतं, पण तो मांडवाच्या कापडाला लागून परत येत होता. ण नव्हता, ळ नव्हता, कसलंही जपणं नव्हतं. आवाज घरी ठेवून आलीस का, असं मी हिला विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती.

"पयली मूठ गो, कुनाचे नावाची..."

म्हातारीचे ओठ हलले. मघाचे रिकामे डोळे समोरच्या चेहऱ्यावर येऊन थांबले, आणि आतून कुठूनतरी जाड, खरखरीत, पण सुराला पक्का असा आवाज निघाला.

"नावाची गो नावाची..."

त्या सुराच्या पोटातच योगिनीने नाव घातलं, "गावदेवीचे नावाची." मेघनाच्या आईने मूठभर हळद जात्यात सोडली. जातं फिरलं. शेजारची बाई कानात सांगत होती की आधी प्रत्येक नाव चांगुणाआजी स्वतः घ्यायची, देवांची, घराण्यातल्या गेलेल्यांची, नवरीची. आता नावं योगी घालते, आजी नुसता सूर पुढे नेते. मुठी पडत गेल्या. मेघनाच्या आजोबांच्या नावाची, पणजीच्या नावाची. कडेच्या बायका डोळे पुसत होत्या, पण जात्याभोवतीच्या सरसावून बसल्या होत्या, कारण शेवटची मूठ नवरीची असते.

"शेवटली मूठ गो, कुनाचे नावाची..."

योगिनीने श्वास घेतला. नाव घालायला तिने तोंड उघडलं. त्याआधीच म्हातारीने ओळ उचलली आणि स्पष्ट, एकही अक्षर न गाळता गायली,

"योगीचे नावाची."

जातं थांबलं. मेघनाच्या आईची मूठ सुपावरच राहिली. नवरीच्या जागी दुसऱ्याच पोरीचं नाव पडलं होतं, आणि ते धवलारणीच्या तोंडून. कडेची एक म्हातारी पुटपुटली, "नाव चुकलं गो." कोणीतरी तिला गप्प केलं. मी योगिनीकडे पाहत होते. दिवाळीपासून ज्या तोंडातून तिला एक हाक आली नव्हती, त्या तोंडातून तिचं नाव आलं होतं, आणि आलं ते नको त्या जागी, भर मांडवात. तिचा चेहरा असा झाला होता, जसं कोणी छातीवर हात ठेवून तिला मागे ढकललं असावं. खरं नाव गाऊन चूक झाकायची होती. सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडून आवाज निघेना.

म्हातारी वाट पाहत होती. ओळ येत नाही म्हटल्यावर तिचे डोळे हळूहळू पुन्हा निघून जायला लागले. ते मला दिसत होतं. माझ्यासारखी बाई, जिला कुठेही बोलायला सुचतं, नुसती चटई घट्ट धरून बसली होती.

"मेघनाचे नावाची गो..."

आवाज चिरका होता. सुरात नव्हता. जात्याचा खुंटा धरून, मान खाली घालून शकूबाई गात होत्या.

"मेघनाचे नावाची गो, कुनाचे लेकीची..."

म्हातारीने मान वळवली. सुनेकडे पाहिलं, बराच वेळ. आता ती तोंड फिरवणार, असं मला वाटलं. शकूबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी खुंटा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हातारीने सूर धरला.

"लेकीची गो लेकीची..."

मेघनाच्या आईने मूठ सोडली. जातं फिरलं.

योगिनी आईकडे बघतच राहिली. हळद दळून झाल्यावर तिने विचारलं, "आई, तुला येतो धवला?" शकूबाई कपाळ पुसत म्हणाल्या, "एवढी वर्सं मांडवात बसते, कान नायत का मना?" मग त्या मला म्हणाल्या, "मॅडम, ते बंगलूरचं काय होतं? हिनं आमाला काय सांगितलं नाय. सोमवारी म्हनजे कवा निघायला लागंल?"

योगिनी तयार नव्हती. आईशी भांडली, बापाशी भांडली, माझ्याशी तर माझ्याच भाषेत भांडली. शेवटी शकूबाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं, ओल तुलाच देता येते?" त्यावर ती उठून बॅग भरायला गेली. रविवारी जगनभाऊ तिला विमानतळावर सोडून आले. मांडवातला धक्का माझ्या अंगातून अजून उतरला नव्हता, त्यामुळे आनंदनी "मग, धवल्या कसा आहे?" असं विचारलं तेव्हा मी चिडलेसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात मी शकूबाईंना फोन केला. आजी गातात का, एवढंच विचारायचं होतं.

"गातात ना. लय लगनं झाली," त्या म्हणाल्या. "टिटवाल्याला झालं, कल्यानला झालं. पन मॅडम, एक झालंय." त्यांनी आवाज खाली आणला. "शेवटल्या मुठीला त्या योगीचंच नाव घेतात. नवरी कोन पन असू दे. दर वेली. मंग मी मागनं खरं नाव घालते."

"आणि लोक?"

"पयलं लोक दचकले. आता कोन काय बोलत नाय. मूठ सोडतात, गप. टिटवाल्याची नवरी तर आजीच्या पाया पडली. म्हने, माज्या हलदीत दोघींचं नाव लागलं." मग घाईने म्हणाल्या, "योगीला सांगू नका मॅडम. उठून येईल ती."

मी बरं म्हटलं आणि फोन हातात धरून उभी राहिले. त्या मुलीच्या नावाने कोपरपासून टिटवाळ्यापर्यंत परक्या नवऱ्यामुलींची हळद दळली जात होती, आणि ती तिकडे बंगळूरला संगणकासमोर बसली होती, काही ठाऊक नसताना. मला भरून आलं. मला सहसा येत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी योगिनीचा फोन आला. काम आवडलंय, म्हणाली. तिथल्या सरांनी तिला सर्वांसमोर बोलायला उभं केलं, म्हणाली, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग ती घुटमळली.

"मॅडम, आजीने परत कधी नाव घेतलं का माझं? आई नीट सांगत नाही."

शकूबाईंना शब्द दिला होता. पण दिवाळीपासून त्या एका हाकेची वाट बघणाऱ्या पोरीशी खोटं कसं बोलायचं, तेही मला येईना.

"घेतलं," मी म्हटलं. "प्रत्येक मांडवात घेते. प्रत्येक नवरीच्या जागी तुझंच नाव घेते. आणि हे ऐकून तू उठून आलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा बघितलं.

"नाय येत, मॅडम," ती म्हणाली. "नाय येत मी. बसलेय हितंच."